बिनसाखरेची बिस्किटं

आमच्या दाजींचे साखरा गावचे व्याही माझ्याशी अतिशय प्रेमानं वागतात, फक्त माझ्या घरी काही खात नाहीत.

पाणी पितात. तेही आधी तांब्यात नीट डोकावून. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण जे काही झालं ते त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. सुरुवात मात्र माझ्या दुकानात झाली होती.

कनेरगाव नाक्यावर माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. दिवसभर माझा उद्योग एकच, लोकांना पोत्यावरचं लेबल वाचून दाखवायचं. दहा-सव्वीस-सव्वीस म्हणजे नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, हे मी इतक्यांदा सांगितलंय की सुनंदा (म्हणजे आमची बायको) सांगते, मी दुपारच्या झोपेतही तेच बडबडतो. माणूस येऊन म्हणतो, मागच्या साली बैलाचं चित्र असलेलं नेलं होतं, तेच द्या. मी म्हणतो, मामा, चित्र पिकाला लागू पडत न्हाई, आकडे वाचा. आणि शेवटी एक उपदेश फुकट: ज्या पुडीवर नाव नाही, तारीख नाही, ती घरात नेऊ नका. हा उपदेश लक्षात ठेवायची वाचकांना गरज नाही. मला होती.

तर आमच्या पोरीनं, प्राचीनं, पुण्यात नोकरीला लागल्यावर एक कुत्रा पाळला. चॉकलेटी रंगाचा लॅब्राडोर, नाव कोको. सहा-सात महिन्यांत तो वासराएवढा झाला आणि घरमालकानं प्राचीला सांगितलं की एकतर हा राहील, नाहीतर तू. मग एका रविवारी ती गाडी करून आली, कोकोला उतरवलं, त्याची दोन भांडी उतरवली, त्याच्या खाद्याचं अर्धं पोतं उतरवलं आणि म्हणाली, बाबा, आठवडाभरच. (असे आठवडे कोणत्या पंचांगात असतात, देव जाणे.)

कोको स्वभावानं गरीब. पण त्याचे डोळे असे की आत्ताच जेवून उठला असला तरी वाटावं, या घरात मुक्या जीवाला कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक त्याच्याकडं बघायचं, मग माझ्याकडं बघायचं, आणि मला उगीच खुलासा करावा लागायचा की त्याचं जेवण झालंय.

अर्धं पोतं संपलं. नवीन आणायला मी हिंगोलीला गेलो आणि किंमत ऐकून पोतं परत खाली ठेवलं. त्या दहा किलोच्या पोत्याच्या पैशात आमच्याकडं डीएपी खताची दोन मोठी पोती येतात, आणि त्यावर आख्खं शिवार उभं राहतं. इथं एक कुत्रा उभा राहणार होता. पण धंद्याचा माणूस भावावर अडत नाही, मालावर अडतो. मी पोतं उलटं केलं आणि मागचं लेबल वाचायला लागलो.

आणि काय सांगू, मला घरी आल्यासारखं वाटलं. प्रथिनं किमान इतके टक्के, चरबी किमान इतकी, तंतू कमाल इतके, ओलावा कमाल इतका. म्हणजे हे खतच की! समोर कोंबडीचं तंगडं आणि गाजराचं चित्र, मागं आकडे. मी शेजारचं ओल्या खाद्याचं पाकीट उचललं. त्यात प्रथिनं पोत्याच्या तिसऱ्या हिश्श्याला आणि ओलावा ऐंशीच्या वर. मी दुकानदाराला तिथल्या तिथं धरलं. म्हटलं, तुमी पाणी विकून राहिले. तो बिचारा म्हणाला, साहेब, कंपनीचा माल हाय. मी म्हटलं, आमच्याकडं दुधात इतकं पाणी निघालं तर लोक दूधवाल्याची कॅन पालथी करतात. दुकानातल्या इतर दोन गिऱ्हाइकांनी माझं बोलणं मान हलवून ऐकलं. (एक बाई तर हातातलं पाकीट ठेवूनच गेली. दुकानदारानं मला अजून माफ केलेलं नाही.)

त्याच दिवशी कोकोला लस द्यायची होती, म्हणून त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मोठ्या शांत बाई. मी माझा शोध त्यांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, ओला हरभरा आणि वाळलेला हरभरा एकाच तराजूत कसा जोखता? आधी दोन्हीतलं पाणी वजा करा, मग प्रथिनं बघा."

मी तिथंच मनात हिशेब केला. पाणी वजा केल्यावर ओलं पाकीट पोत्याच्या पुढं निघालं. मी विषय बदलला.

बाईंनी मग बरंच सांगितलं. पाकिटावर संपूर्ण आहार लिहिलंय की नुसता खाऊ, ते बघा. वाढत्या पिल्लाचं खाद्य वेगळं, मोठ्या कुत्र्याचं वेगळं. घटकांच्या यादीत जे पहिलं, त्याचं वजन सगळ्यात जास्त. पोत्याचा भाव बघू नका, रोज किती ग्रॅम लागतं त्याचा बघा, कारण हलकं खाद्य जास्त घालावं लागतं. कांदा, लसूण, मनुके, चॉकलेट चुकूनही देऊ नका. आणि घरचं द्यायचंच असेल तर आधी मला विचारा, कारण घरच्या जेवणात बहुतेक वेळा कॅल्शियमची बोंब असते.

एवढ्या सगळ्या उपदेशातून माझ्या डोक्यात काय शिरलं? "घरचं" आणि "कॅल्शियम". मधलं "आधी मला विचारा" हे कुठं गळालं ते आजपर्यंत सापडलेलं नाही.

माझा विचार सरळ होता. मिश्रखत महाग पडलं तर आपण शेतकऱ्याला सुटी खतं मिसळून देतो. मग कुत्र्याचं मिश्रण काहून जमणार न्हाई? प्रथिनाला सोयाबीन, आपल्याकडं काही त्याचा दुष्काळ नाही. चरबीला शेंगदाणे. तंतूला ज्वारी आणि लाल भोपळा. कॅल्शियमला दुकानात गुरांचं खनिज मिश्रण होतंच. मळून, बिस्किटं करून, हिंगोलीच्या बेकरीतून भाजून आणायची. महिनाभर टिकतील. मीठ नाही, साखर नाही, कांदा-लसूण तर नाहीच. मी सुनंदाला हा बेत असा सांगितला की एखाद्याला वाटावं मी साखर कारखाना काढतोय.

ती ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्या लेकराला सुखानं जेवू द्या. तुमचे आकडे त्याला काहून खाऊ घालता?"

पण पीठ मळून द्यायला तयार झाली. मी दुकानात गेलो, खनिज मिश्रणाची पिशवी फोडली, त्यातली पांढरी भुकटी एका साध्या पिशवीत भरली आणि तिच्यापुढं ओट्यावर ठेवून चार चमचे टाकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मळलेलं पीठ बेकरीत दिलं आणि संध्याकाळी डबाभर बिस्किटं घेऊन आलो. दिसायला झकास. नानकटाईच्या चुलत बहिणी. सुनंदानं ती एका चकचकीत स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. मी कोकोला दोन दिली. त्यानं ती तोंडात धरून शेपूट हलवत मागच्या अंगणात नेली. मी म्हटलं, बघा, एकांतात खातोय. चव लागली म्हणजे असंच होतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा भाचीच्या लेकराच्या बारशासाठी, एक दिवस आधीच, वाशिमला गेली आणि पुसेगावहून आमचे दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस मानी. त्यांना साखरेची तकलीफ आहे, आणि कोणी त्यांना गोड देत नाही याचं दुःख आहे. कोणी मुद्दाम बिनसाखरेचं करून दिलं तर त्यांना भरून येतं. ते नेहमीप्रमाणं थेट आत गेले, स्वतःचा चहा स्वतः केला. मी बाहेर गिऱ्हाइकात गुंतलेलो. थोड्या वेळानं ते डबा काखेत मारून बाहेर आले आणि म्हणाले, सुनंदाला सांग, लई दिवसांनी कोणी माझी आठवण ठेवली. डबा घेऊन चाललो. मला वाटलं, लोणच्याचा डबा असेल. दरवर्षी सुनंदा त्यांना लोणचं देते. मी मान डोलावली. दाजी फटफटीला किक मारून गेले.

(वाचकहो, इथंच हसू नका. अजून काही झालेलं नाही.)

त्यानंतरच्या सकाळी आमच्याच गावचे किसनमामा फवारणीचा पंप पाठीवर घेऊनच दुकानात शिरले. चेहरा लाल. त्यांना मी हरभऱ्याच्या फुलगळीसाठी बोरॉन दिलं होतं. बोरॉनचं पाकीट फुटलेलं होतं, म्हणून साध्या पिशवीत भरून दिलं होतं. ते म्हणाले, "शेठ, हे काय दिलं? सकाळपासून ढवळून राहिलो, विरघळतच न्हाई. सगळा गाळ खाली. नोझल बंद झालं."

मी म्हटलं, मामा, बोरॉन पाण्यात साखरेसारखं विरघळतं. त्यांनी पंपाच्या तळातला गाळ माझ्या तळहातावर ओतला. मी तो चिमटीत चोळला.

ते बोरॉन नव्हतं. ते गुरांचं खनिज मिश्रण होतं. दोन्ही भुकट्या पांढऱ्या, दोन्ही मी एकाच दिवशी, एकाच काउंटरवर, एकाच रंगाच्या बिननावाच्या पिशव्यांत भरल्या होत्या. किसनमामांच्या हरभऱ्याला मी कॅल्शियम पाजलं होतं. म्हणजे सुनंदाच्या ओट्यावर जी पिशवी गेली ती...

किसनमामांना काय बोलून वाटेला लावलं ते आठवत नाही. नवीन बोरॉन आणि नवीन नोझल त्यांच्या हातात कोंबलं एवढं खरं. मागच्या अंगणात पळालो. "कोको, कोको" असा टाहो फोडला. कोको पेरूच्या झाडाखाली आडवा होता, डोळे मिटून. मी त्याला हलवलं, तर त्यानं एक डोळा उघडला, माझा हात चाटला आणि जेवण आणलं नाही हे बघून परत मिटला. त्याच्या पायाशी माती उकरलेली होती. बघतो तर माझी बिस्किटं! दिलेली दोन्हीच्या दोन्ही, एकालाही दात न लागलेली, नीट पुरून वर माती लोटलेली.

आयुष्यात नापास झाल्याचा इतका आनंद मला झालेला नाही. मी कोकोच्या गळ्यात पडलो. उरलेल्या बिस्किटांचा डबा उकिरड्यावर पालथा करावा म्हणून घरात आलो, तर फळीवर डबा नाही. मागं लोणच्याची बरणी जशीच्या तशी. तेव्हा कुठं मला दाजी आठवले, त्यांची काख आठवली, आणि काखेतला चकचकीत डबा आठवला.

दाजींना फोन लावला. बंद. (ते चार्जिंग वाचवायला फोन बंद ठेवतात. कोणासाठी वाचवतात, ते कळत नाही.) सुनंदाला लावला, किती भुकटी टाकली ते विचारायला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा लावला. बारशात कोण फोन ऐकतो! मग डॉक्टरीणबाईंना लावला. त्यांनी उचलला, आणि पहिलाच प्रश्न विचारला की पाकिटावर काय लिहिलंय, वाचून दाखवा. मी म्हटलं, पाकिटावर काही लिहिलेलं न्हाई. मग त्यांनी विचारलं, कुत्र्यानं किती खाल्लं? मी म्हटलं, कुत्र्यानं न्हाई खाल्लं, आमच्या दाजींनी खाल्लं. बाई म्हणाल्या, "काका, मग मला काहून फोन केला? माणसांच्या दवाखान्यात न्या. आणि जाताना त्या भुकटीचं मूळ पाकीट घेऊन जा."

मी बोरॉनचं फुटकं पाकीट शर्टात खुपसलं, दुकानाचं शटर ओढलं आणि पुसेगावच्या रस्त्याला गाडी घातली. हा रस्ता मी हजारदा गेलोय, पण त्या दिवशी त्याची लांबी कोणीतरी वाढवून ठेवली होती. डोक्यात नुसते आकडे. चार चमचे सुनंदानं सपाट टाकले असतील की शीग लावून? एका बिस्किटात किती आलं असेल? दाजींनी किती खाल्ली असतील? दाजी मोजून खात नाहीत. वाटेत एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या आणि मी त्यांच्याकडं हात जोडून उभा राहिलो. त्यांना घाई नव्हती.

पुसेगावला अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, अंगणात मिरच्या निवडत होती. माझा अवतार बघून ती उठलीच. मी एकदम दाजींची तब्येत विचारली. ती म्हणाली, तब्येतीला काय धाड भरलीय, साखऱ्याला व्याह्यांकडं गेले सकाळी. मग म्हणाली, कालपासून पोट मात्र गुडगुड करून राहिलं म्हणत होते.

मी अंगणातच बसलो. अक्कानं पाणी आणलं. मी कसाबसा विचारलं, डबा कुठंय? तर म्हणाली, तोच घेऊन गेले की व्याह्यांना. सुनंदानं शुगरवाल्यांसाठी खास बिस्किटं केली म्हणून कालपासून कौतुक चालू होतं. व्याह्यांना पण शुगर हाय ना. बाकी तुझ्या बायकोच्या हाताला गुण हाय हो.

मी पाणी न पिताच निघालो.

दाजींचे व्याही बाबारावजी, साखऱ्याचे माजी सरपंच. पांढरंशुभ्र धोतर, पांढऱ्या मिशा, बोलणं कमी. दाजींची लेक त्यांच्या घरात दिलेली, त्यामुळं त्या ओसरीवर आमच्याकडचा माणूस नेहमी जरा आखडूनच बसतो. मी पोचलो तेव्हा तिथं बैठक भरली होती. दाजी, बाबारावजी आणि गावातले त्यांच्या वयाचे दोघं जण. मधे माझा डबा. प्रत्येकाच्या हातात कप आणि कपात बुडवलेलं बिस्कीट.

दाजी खुशीत म्हणाले, ये, आत्ता तुझाच विषय चालू होता. बाबारावजींनी मला शेजारी बसायला जागा केली. मी उभाच राहिलो. मी म्हटलं, थांबा. सगळे थांबले. आता पुढं काय म्हणावं ते ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, ती बिस्किटं जरा खराब झाली हायेत. बाबारावजींनी उरलेला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, न्हाई, बराबर हायेत. जरा टणक हायेत, पण माल खरा हाय. आतून विहीणबाईंचा निरोप आला की पाहुण्यांना विचारा, यात काय काय घातलंय, आमी बी करून बघू.

मी विचारलं, कोणाला मळमळून राहिलं का? चक्कर? चौघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यातल्या एकाला लगेच थोडं मळमळायला लागलं.

आणि माझा फोन वाजला. सुनंदा! पलीकडं बारशाचा बँड, बायकांचा गलका, तिचा शब्द कळेना. मी फोन कानाला दाबला, उलटा धरला, आणि शेवटी घाबऱ्याघाबऱ्या तो स्पीकरवर टाकला. या एका बोटाच्या चुकीबद्दल मी नंतर बराच विचार केलाय.

"काहून इतके फोन केले? कोको बरा हाय ना?" सुनंदाचा आवाज ओसरीभर घुमला.

"कोको बरा हाय. तू बिस्किटांत ती पांढरी भुकटी किती टाकली, ते सांग आधी."

"कोणत्या बिस्किटांत? कुत्र्याच्या?"

ओसरीवर चार कप चार उंचीवर थांबले. मी फोनवर हात ठेवला, पण स्पीकर कुठल्या बाजूला असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"कुत्र्याच्या बिस्किटांत मी भुकटी टाकलीच न्हाई," सुनंदा स्पष्ट बोलत होती. "पिशवीवर ना नाव, ना गाव. तुमच्या दुकानातलं बिननावाचं औषध मी त्या लेकराच्या पोटात घालू व्हय? मी ते दूर खड्ड्यात पुरलं आणि चार चमचे तांदळाचं पीठ टाकलं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी भाषण केलं असतं. बरं, ठेवते, पाळण्यात घालून राहिले."

फोन बंद झाला. मी खाली बसलो, बसलो तो हसायलाच लागलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग लक्षात आलं, हसणारा मी एकटाच आहे.

बाबारावजींनी कप खाली ठेवला. मिशीवरचा एक कण बोटानं काढला, तो बघितला आणि धोतराला पुसला.

"गजाननराव," ते म्हणाले, "ही कुत्र्याची हायेत?"

मी व्हय म्हटलं. दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती. दाजी माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिथं दुःख होतं. लई दिवसांनी त्यांची आठवण कोणीतरी ठेवली होती, आणि ती कोकोची निघाली होती. मग मी सगळंच सांगून टाकलं: प्राची, पोतं, लेबल, कॅल्शियम, किसनमामांचं नोझल आणि शर्टातलं बोरॉनचं पाकीट. पाकीट काढून दाखवलंसुद्धा. बोरॉनचं नाव ऐकून दाजींनी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि विचारलं, फुलगळीला मारतो ते?

बाबारावजींनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "असू द्या, पाव्हणं. आपली आता काय फुलं राह्यली गळायला."

इतरांना हसू फुटलं. दाजीही थोडे सैल झाले. प्रकरण इथं मिटलं होतं. मी उठून हात जोडून निघालो असतो तर आजही बाबारावजी माझ्या घरी जेवले असते. पण त्यांनी सहज, माझी लाज राखायला म्हणून विचारलं की तुमच्या कुत्र्याला तर आवडत असतील ना? आणि एवढी सगळी खरी कहाणी सांगून झाल्यावर मला खरं बोलायची सवय लागली होती.

"न्हाई," मी म्हटलं. "त्यानं तोंड बी लावलं न्हाई. पुरून टाकली सगळी."

बाबारावजींनी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाले, "कुत्रं शहाणं हाय."

तेवढ्यात आतून विहीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि बिस्किटाची कृती पुन्हा विचारली. सगळे एकदम सोयाबीनच्या भावावर बोलायला लागले.

दाजींच्या पोटाची गुडगुड दोन दिवसांत थांबली. ती सोयाबीनची होती, असं हिंगोलीतले डॉक्टर म्हणाले. डॉक्टरीणबाईंकडं जायची मला लाज वाटत होती, पण सुनंदानंच नेलं. बाईंनी आधी कोकोला तपासलं, मग मला. त्यांचं म्हणणं असं की बोरॉन गेलं नाही हे नशीब, पण खनिज मिश्रण बरोबर गेलं असतं तरी ते चूकच होतं. गाईचं प्रमाण गाईला. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम दिलं तर हाडं सुधरायची सोडून बिघडतात. त्यांनी पिल्लांसाठीचं एक साधं, मध्यम भावाचं पोतं सुचवलं. त्यावर संपूर्ण आहार असं छापलेलं होतं, बनवल्याची तारीख ताजी होती, आणि वजनाप्रमाणं रोज किती द्यायचं त्याचा तक्ता होता. सुनंदानं तो तक्ता बघून एक वाटी ठरवली, आणि कोको त्या वाटीवर सुखानं वाढतोय. बेकरीची मजुरी, तेल, शेंगदाणे आणि साखऱ्यापर्यंतचं पेट्रोल धरून माझी बिस्किटं पोत्यापेक्षा किती स्वस्त पडली, हा हिशेब सुनंदानं काढायला घेतला होता. मी तिला बारशाबद्दल विचारलं.

आता माझ्या दुकानात सुटं काही मिळत नाही. फुटकं पाकीट आलं की मी ते कंपनीला परत पाठवतो. धंदा तोच, उपदेश तोच. पण ही गोष्ट माझ्याआधी पुसेगावला आणि पुसेगावहून सगळ्या शिवारात पोचली होती. परवा तिकडचा एक शेतकरी आला. हळदीला काय द्यावं म्हणाला. मी त्याला लेबल उघडून दाखवलं, आकडे समजावले, प्रमाण सांगितलं, तारीख दाखवली. त्यानं सगळं शांतपणं ऐकून घेतलं, पोत्यावर हात ठेवला आणि विचारलं, "शेठ, हे तुमचं तुमी सांगून राहिले, का वहिनीनं सांगितलं?"

मी आत डोकावून बघितलं. सुनंदा कामात होती.

"वहिनीनं," मी म्हटलं.

त्यानं लगेच पोतं खांद्यावर घेतलं. तेव्हापासून मी येईल त्या गिऱ्हाइकाला तसंच सांगतो, आणि खरं सांगायचं तर दुकान इतकं बरं आजवर कधी चाललं नव्हतं.